तिसऱ्या गिअरमध्ये गाडीचा दम तुटतो

पत्राचा गोषवारा: वाचक तिशीच्या आतली, नोकरी करणारी. वर्षभरापूर्वी तिने साठवलेल्या पैशांतून २०१३ची वापरलेली टोयोटा ८६ घेतली. दोन लिटरचं, टर्बो (जादा हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेलं इंजिन, सहा गिअर, ८२ हजार किलोमीटर चाललेली. महिन्यातून एकदा ती मित्रमंडळींबरोबर डोंगररस्त्यांवर जाते, वर्षातून दोनदा ट्रॅकवर. बाकी सगळ्यांच्या गाड्या टर्बोवाल्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, सत्तरच्या वेगाला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी 'क्षणभर मेल्यासारखी' वाटते आणि बाकीचे पुढे निघून जातात. गाडीच्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी रक्कम तिने बाजूला काढली आहे. समोर तीन वाटा आहेत: एका मित्राकडचा वापरलेला कोल्ड एअर इन्टेक आणि मोठा सायलेन्सर स्वस्तात घ्यायचा, डायग्नॉस्टिक सॉकेटला लावायची 'पॉवर चिप' मागवायची, किंवा कर्ज काढून टर्बो किट बसवायचं. मित्राला रविवारपर्यंत उत्तर हवं आहे. तिचा प्रश्न: "कमी पैशांत जास्तीत जास्त हॉर्सपॉवर कशातून मिळेल?"

"दादा, मला अहो-जाहो करू नका," असं तूच लिहिलंस, म्हणून अगं-तुगंवर येतो.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. "चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, सत्तरच्या वेगाला." अशी पत्रं मला बरीच येतात आणि बहुतेकांत नुसतं "गाडीला पिकअप नाही" एवढंच असतं. कुठे नाही, कधी नाही, किती वेळ नाही, हे कोणी लिहीत नाही. तू नेमकी जागा दाखवलीस. त्यामुळे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी मला त्या जागेवरच थोडा वेळ थांबायचंय, कारण तुझा प्रश्न आणि तुझी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटतं.

तुझ्या गाडीतलं इंजिन म्हणजे एफए२०. चार सिलिंडर आडवे, दोन-दोन समोरासमोर. बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोकही ८६. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे २०० हॉर्सपॉवर मिळते ती ७,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे), आणि २०५ न्यूटन-मीटर हा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो ६,४००च्या पुढे. म्हणजे या इंजिनाचा सगळा जोर वरच्या मजल्यावर राहतो. आणि खालून वर जाताना मध्येच, साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान, जिन्याची एक पायरीच गायब आहे. कुठल्याही डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ही गाडी चढवली की टॉर्कच्या रेषेत तिथे खड्डा दिसतो. तो तुझ्या गाडीचा दोष नाही. या पिढीच्या सगळ्या ८६ आणि त्यांची जुळी बहीण सुबारू बीआरझेड, सगळ्यांतच तो आहे.

आता तुझं सत्तर घेऊ. तुझ्या गाडीचा तिसरा गिअर १.५४१चा, दुसरा २.१८८चा, मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१. मूळ मापाचे टायर धरून हिशेब केला तर तिसऱ्यात ७० किलोमीटरच्या वेगाला इंजिन फिरतं ३,७५० आरपीएमच्या आसपास. खड्ड्याच्या बरोबर मध्ये! तू 'मेल्यासारखी' म्हणालीस ती गाडी अजिबात मेलेली नाही. तू तिला तिच्या सगळ्यात कमकुवत जागी उभी करून धावायला सांगतेस.

त्याच सत्तरला दुसरा गिअर टाकलास तर इंजिन ५,३००वर जातं. खड्डा मागे पडतो. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या गुणोत्तरातला फरकच असा आहे की इंजिनाने तेवढाच टॉर्क दिला तरी चाकांपाशी ओढ ४२ टक्क्यांनी वाढते. बेचाळीस टक्के. तू सांगितलेल्या तीन वाटांपैकी पहिल्या दोन एकत्र केल्या तरी त्याच्या जवळपासही पोचणार नाहीत, आणि याला एक पैसा लागत नाही. दुसरा गिअर पंचाण्णवच्या आसपासपर्यंत पुरतो, तेव्हा चढावर वरती बरीच जागा शिल्लक असते.

माझा अंदाज आहे की तू दुसरा टाकत नाहीस, कारण इंजिन ओरडायला लागलं की त्याला त्रास होतोय असं वाटतं. जवळपास सगळ्यांना तसं वाटतं. रोजच्या गाड्या आपल्याला खालच्या आरपीएमवर चालवायलाच शिकवतात. पण हे इंजिन ७,४००पर्यंत फिरण्यासाठी बनवलेलं आहे. तेल नीट गरम झालेलं असलं, म्हणजे पाण्याचा काटा जागेवर आल्यावरही आणखी दहाएक मिनिटं गाडी सावकाश चालवून झाली असली, तर ५,५०० किंवा ६,५०० हे त्याच्यासाठी रोजचं काम आहे. गिअर खाली घेताना क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला एक हलका टोला दे, आरपीएम वर येऊ दे, मग क्लच सोड. आधी मोकळ्या सपाट जागेवर हे पन्नास वेळा कर. पुढच्या वेळी डोंगरावर जाशील तेव्हा वळणाच्या आधी, ब्रेक लावतानाच दुसऱ्यात ये. वळणातून बाहेर पडताना काय होतं ते बघ आणि मग मला पुन्हा लिही.

याचा अर्थ गाडीत काहीच बदलू नकोस, असं मी म्हणत नाही. सारखे गिअर खाली-वर करायचा कंटाळा येणं ही रास्त तक्रार आहे. तो खड्डा भरता येतो, आणि तुझ्या रकमेत भरता येतो. त्याकडे येतोच. आधी "जास्तीत जास्त हॉर्सपॉवर" या शब्दांबद्दल थोडं.

हॉर्सपॉवर ही स्वतंत्र वस्तू नाही. टॉर्क आणि आरपीएम यांचा तो गुणाकार आहे: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९, की किलोवॅट मिळतात. जाहिरातीत लिहिलेला आकडा हा त्या गुणाकाराचा सगळ्यात उंच ठिपका. तुझ्या गाडीत तो ७,०००वर आहे. डोंगररस्त्यावर तासाभरात तू तिथे किती सेकंद असतेस? एखाद्या सुट्या भागाने ७,०००वर दहा हॉर्सपॉवर वाढवली आणि ४,०००वर होती तीही कमी केली, तर डब्यावरचा आकडा खरा असेल आणि तुझा चढ आणखी अवघड होईल. असे भाग बाजारात खूप आहेत. म्हणून दुकानदाराला "किती वाढेल?" एवढंच विचारू नकोस, "३,००० ते ६,०००मध्ये रेषा कशी दिसते?" असं विचार. ज्याच्याकडे आलेख नाही त्याच्याकडून काही घेऊ नकोस.

दुसरं एक गृहीतक तुझ्या पत्रात न बोलता बसलेलं आहे: गाडीत आज २०० हॉर्सपॉवर आहेतच, आपण त्यात भर घालायची. गाडी २०१३ची आहे, ८२ हजार चाललेली, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होती. २०० आहेत हे आपल्याला माहीत नाही. १८० असतील तर तुझं पहिलं अपग्रेड म्हणजे हरवलेले वीस परत आणणं, आणि ते सगळ्यात स्वस्त पडतं.

इथे माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. माझ्या आधीच्या गाडीला मी असंच, तपासणी न करता, एका वर्कशॉपमधून ट्यूनिंग करून घेतलं. इंधन आणि ठिणगीचा हिशेब ठरवणारी, आधीपासून तयार असलेली फाइल त्यांनी इंजिनाच्या कंप्युटरमध्ये पंधरा मिनिटांत भरून दिली. गाडी खरंच चपळ वाटायला लागली, मी खूश. दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी स्पार्क प्लग काढले. पहिला प्लग स्वच्छ, फिकट तपकिरी. दुसराही. तिसरा हातात घेतला आणि उजेडात धरला, तर टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलच्या टोकाने टिपल्यासारखे बारीक चंदेरी-काळे ठिपके. नखाने खरवडले तर निघत नव्हते. ते ठिपके म्हणजे माझ्याच पिस्टनच्या माथ्यावरून सुटलेलं ॲल्युमिनियम. त्या एका सिलिंडरचं इंजेक्टर अर्धवट चोंदलेलं होतं. इंधन कमी पडून मिश्रण पातळ झालं होतं आणि तिथे नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप धक्क्याने पेटणं, चालू होतं आणि नव्या फाइलने ठिणगी आणखी लवकर टाकून ते वाढवलं होतं. कानाला काहीही ऐकू आलं नव्हतं. आणखी थोडे महिने गेले असते तर पिस्टनला भोक पडलं असतं. तेव्हापासून मी आजारी इंजिनाला व्यायाम सांगत नाही.

म्हणून आधी हे कर. चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येकात दाब किती तयार होतो याची मोजणी: इंजिन गरम, इंधन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. एकच सिलिंडर वेगळा पडला तर ट्यूनिंगचा विषय तिथेच बंद. प्लग काढून चौघे शेजारी शेजारी ठेवून बघ. आडव्या इंजिनात प्लग बाजूला, चासीला लागून असतात, हात जेमतेम शिरतो, त्यामुळे पूर्वीच्या मालकाने ते कधी काढलेच नसण्याची शक्यता बरीच आहे. एअर फिल्टर नवा घाल, साधा कागदीच. हवेचं प्रमाण मोजणारा सेन्सर त्यासाठीच्या स्प्रेने साफ करून घे. डायग्नॉस्टिक सॉकेटला लागणारं साधं रीडर घेऊन फोनवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर इंधन किती टक्क्यांनी वाढवतोय किंवा घटवतोय ते, बघ: पाच टक्क्यांच्या आत असेल तर छान; दहाच्या पुढे असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंधन कमी पडतंय. आणखी एक गोष्ट, ही खास तुझ्या मॉडेलसाठी. या गाड्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनातल्या व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटू शकतात म्हणून २०१८मध्ये रिकॉल जाहीर झाला होता. तुझी २०१३ची आहे. चासी नंबर देऊन अधिकृत डीलरकडे विचार: माझी गाडी त्यात होती का, काम झालं का, आणि केव्हा. हे कळल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नकोस.

हे सगळं मिळून तुझ्या रकमेचा लहानसा भाग जाईल. काही वेळा यातच प्रश्न सुटतो.

आता तुझ्या तीन वाटा.

इन्टेक आणि सायलेन्सर. 'कोल्ड एअर' हे नाव ऐकून वाटतं की मूळ गाडी गरम हवा घेते. तुझ्या गाडीत तसं नाही. मूळ नळीचं तोंड पुढे, रेडिएटरच्या वर आहे, म्हणजे ती बाहेरचीच हवा ओढते. उलट स्वस्तातले बरेच इन्टेक बंद डबा काढून टाकून बॉनेटखाली उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लटकवतात. कधी गाडी जोरात चालवून थांबल्यावर बॉनेट उघडून तिथली हवा हाताला लागू दे, मग कळेल तो फिल्टर काय श्वास घेतो ते. २७ अंशांची हवा ५७ अंश झाली तर ती जवळजवळ ९ टक्के विरळ होते, आणि विरळ हवा म्हणजे कमी ऑक्सिजन. वर कंप्युटर गरम हवा पाहून नॉकिंग टाळायला ठिणगी मागे खेचतो, ते वेगळंच. दुसरी अडचण हवेच्या सेन्सरची. तो ज्या नळीत बसतो तिच्या व्यासाप्रमाणे कंप्युटरचा हिशेब लावलेला असतो. नळी बदलली की हिशेब चुकतो. तेल लावलेल्या फिल्टरचं तेल सेन्सरवर बसलं तर आणखी चुकतो. चांगला, बंद डब्याचा इन्टेक असतो, त्याचा थोडा फायदाही होतो, पण त्यासाठी ट्यूनिंग लागतंच. मित्राकडचा कुठला आहे ते तू लिहिलं नाहीस. "घुर्र आवाज भारी येतो" एवढंच लिहिलंस, त्यावरून मला तो उघडा फिल्टर वाटतो.

आवाजाबद्दल मनापासून सांगतो, कारण हे मी अनुभवलंय. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं शरीराला खरंच वाटतं. पाठीला, छातीला, सगळीकडे. माझ्या गाडीला असाच शंकू लावल्यावर मी शपथेवर सांगितलं असतं की पिकअप वाढलं. मग डायनोवर लागोपाठ तीन फेऱ्या केल्या. पहिली जवळपास पूर्वीएवढी, दुसरी कमी, तिसरी त्याहून कमी, कारण प्रत्येक फेरीगणिक बॉनेटखालची हवा तापत गेली. मागच्या सायलेन्सरचंही तसंच आहे. टर्बो नसलेल्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागची नळी बदलून जेमतेम काही हॉर्सपॉवर हाती लागतात. तुला तो आवाज आवडतो म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घे, गाडीवर प्रेम करायला कारण लागत नाही. फक्त त्याचा खर्च पिकअपच्या खात्यात लिहू नकोस.

चिपबद्दल एकाच परिच्छेदात संपवतो. डायग्नॉस्टिक सॉकेटला लावायच्या त्या स्वस्त डब्या इंजिनाच्या कंप्युटरमधला हिशेब बदलू शकत नाहीत. त्यात दिवे लुकलुकतात. काही डब्या इन्टेकच्या तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर लावून हवा थंड आहे असं कंप्युटरला खोटं सांगतात, ते तर धोक्याचंच. ॲक्सिलरेटर पेडलला लावायचे कंट्रोलर खरे असतात, पण ते फक्त अर्ध्या दाबाला पाऊण दाब म्हणून पुढे पाठवतात. तू तर पेडल आधीच पूर्ण दाबतेस. यातलं काहीही घेऊ नकोस.

टर्बोबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तो मोह खरा आहे आणि त्याचा परिणामही खरा आहे. टर्बोने तुझा खड्डा नुसता भरणार नाही, तिथे डोंगर उभा राहील. पण तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो १२.५ आहे, म्हणजे पिस्टन मिश्रण साडेबारा पट दाबतो. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी हे सुंदर आहे. टर्बो लावल्यावर मात्र नॉकिंगपासूनचं अंतर फार थोडं उरतं. दाब कमी ठेवावा लागतो, पेट्रोल नेहमी चांगल्या ऑक्टेनचं लागतं, ट्यूनिंग निर्दोष लागतं. आणि किटची किंमत ही फक्त सुरुवात. क्लच, ऑइल कूलर, इंधन पंप, चांगले ब्रेक हे सगळे एकेक करून दार वाजवतात. ट्रॅकवर तर हे इंजिन टर्बोशिवायही तेल खूप तापवतं. तुझी रक्कम गाडीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाची आहे. हे काम नीट करायला त्याच्या कितीतरी पट लागेल. शिवाय ज्या इंजिनाच्या भरवशावर तू कर्ज काढशील ते बिघडलं तर हप्ते चालू राहतील आणि गाडी उभी राहील. मी तुझ्या जागी असतो तर कर्ज काढून टर्बो बसवला नसता. टर्बोच हवा असं दोन वर्षांनीही वाटलं, तर ही गाडी चांगल्या अवस्थेत विक आणि कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी घे. किंवा हिचीच धाकटी बहीण बघ. २०२१मध्ये आलेल्या जीआर ८६मध्ये टोयोटाने टर्बो न लावता इंजिन २.४ लिटरचं केलं आणि सर्वाधिक टॉर्क, २५० न्यूटन-मीटर, ३,७०० आरपीएमला आणून ठेवला. आठवतंय ना तुझं सत्तर कुठे पडतं? ३,७५०!

तर पैसे कशात घालायचे? हेडर (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांचा संच) आणि ट्यूनिंग, दोन्ही एकत्र. दुसऱ्या कशातही नाही.

एक्झॉस्टचा प्रत्येक झडका नळीतून जाताना मागे एक दाबाची लाट सोडतो. ती लाट परत फिरून येते तेव्हा व्हॉल्व्ह उघडा असेल तर ती सिलिंडर रिकामा करायला मदत करते किंवा अडवते. नळ्यांची लांबी आणि त्या कुठे एकत्र येतात, यावर कुठल्या आरपीएमला मदत होणार हे ठरतं. तुझ्या गाडीतला खड्डा मोठ्या प्रमाणात याच हिशेबातला आहे. चांगल्या रचनेचा हेडर ती लाट वेळेवर आणतो, आणि ट्यूनिंगमध्ये व्हॉल्व्ह टायमिंग, इंधन व ठिणगी त्याला जुळवून घेतात. नुसता हेडर लावला तर अर्धाच फायदा. नुसतं ट्यूनिंग केलं तर खड्डा थोडा उथळ होतो. दोन्ही मिळून तो बराचसा भरून निघतो, आणि तो तुझ्या ३,७५०लाच भरतो. शिखराचा आकडा फार वाढला नाही तरी चढावर तुला हीच गोष्ट हवी होती.

हेडर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेलाच घे. मूळ गाडीत पहिला कॅट हेडरमध्येच बसवलेला आहे. बिनकॅटचा हेडर स्वस्त मिळतो, थोडी जास्त ताकदही देतो, पण बहुतेक देशांत रस्त्यावर तो बेकायदा आहे, आणि तुझ्या मागून येणाऱ्या माणसाने तो धूर का खावा? जुना हेडर फेकू नकोस, गुंडाळून ठेव. गाडी विकताना मूळ भाग असले की खरेदीदाराचा विश्वास बसतो.

ट्यूनर निवडताना त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस, त्याच्या प्रश्नांकडे लक्ष दे. चांगला ट्यूनर आधी विचारतो: कुठलं पेट्रोल भरतेस, कॉम्प्रेशन किती आलं, ट्रॅकवर जातेस का. तो वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण बघतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एक भाग इंधनाला साधारण १२.५ ते १३ भाग हवा आहे की नाही हे तपासतो, नॉकिंगची नोंद बघतो, आणि आधीचा-नंतरचा आलेख एकाच दिवशी, एकाच डायनोवर काढून हातात देतो. तुझी मूळ फाइल तुला परत देतो. गाडी न बघताच "तीस हॉर्सपॉवर नक्की" म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिर. आणि डायनोवर २००च्या ऐवजी १७०च्या आसपास आकडा आला तर घाबरू नकोस: तो चाकांपाशी मोजलेला असतो, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये गेलेलं त्यात धरलेलं नसतं. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी लावू नकोस. तुझ्या मित्राच्या आकड्याशी तर नकोच.

रक्कम पुरत नसेल तर हेडर थांबू दे, टायर आणि ब्रेकचं आधी बघ. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. १००च्या ऐवजी ११०ने वळणापाशी पोचलीस तर ब्रेकना २१ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेलं १५५लाही उकळू शकतं. लांब उतारावर पेडल अचानक मऊ होऊन खाली जातं ते यामुळे. शेवटचं ऑइल कधी बदललं हे माहीत नसेल तर ते याच आठवड्यात बदल. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष; तेही वाच. या गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी तिला मुद्दाम २१५ रुंदीचे, साध्या पकडीचे टायर दिले होते, टर्बोही मुद्दामच टाळला होता. माफक वेगातही चालवणाऱ्याला गाडी कळावी, तिच्याशी खेळता यावं, असा त्यांचा विचार होता. तुझी गाडी ज्या हेतूने बनली तो हेतू तुझ्या ग्रुपमधल्या गाड्यांचा नाही, हेही एकदा शांतपणे मनात घोळव.

वजनाचाही हिशेब करून बघ. १० हॉर्सपॉवर म्हणजे तुझ्या २००चे ५ टक्के. गाडी साधारण साडेबाराशे किलोची, तू धरून तेराशेच्या पुढे. ६५ किलो उतरवले की पिकअपमध्ये जवळपास तेवढाच फरक पडतो, आणि ब्रेक व टायर दोघांनाही आराम मिळतो तो वेगळा. तू लिहिलंस तसा डिकीत सबवूफरचा खोका आणि हत्यारांची पेटी कायम असते. डोंगरावर जाताना ती घरी राहू दे.

तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांसाठी थोडं. तुमची गाडी मुळातच टर्बोवाली असेल तर हिशेब उलटा आहे: तिथे नुसत्या चांगल्या ट्यूनिंगनेही मोठी वाढ मिळते, आणि पुढचा खर्च इंटरकूलरवर, म्हणजे हवा थंड ठेवण्यावर करावा. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर इग्निशन टायमिंग आणि जेट नीट लावून घेण्याइतकं स्वस्त काहीच नाही. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने आपोआप ताकद वाढत नाही. कंप्युटरला ठिणगी लवकर टाकायची मुभा मिळाली तरच त्याचा उपयोग. आणि बदल कुठलाही असो, विमा कंपनीला लेखी कळवा, आपल्याकडचे प्रदूषण आणि आवाजाचे नियम आधी वाचा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर त्या हेडरची खरी किंमत तेव्हा कळते.

राहता राहिले तुझे मित्र. "शेवटी पोचते म्हणून सगळे माझी वाट बघत थांबलेले असतात," असं तू लिहिलंस, आणि त्या ओळीत मला इंजिनापेक्षा जास्त काहीतरी ऐकू आलं. दोन टक्के किंवा वीस टक्के ताकद वाढली तरी त्यांच्या टर्बोंना तू चढावर मागे टाकणार नाहीस. पुढच्या वेळी त्यांच्यातल्या एकाला शेजारी बसव आणि उतारावर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सुरक्षित वेगात ती कशी वळते ते त्याला दाखव. वेग मोजायचाच असेल तर ट्रॅकवर मोज, तुझी कालची वेळ आणि आजची वेळ. सार्वजनिक रस्त्यावर घड्याळ लावू नकोस.

आणि रविवारचं. मित्राला आजच फोन करून सांग की इन्टेक आणि सायलेन्सर नको. मग सोमवारी कॉम्प्रेशन टेस्टची वेळ घे, रिकॉलची चौकशी कर, आणि चारही प्लगांचा उजेडात काढलेला फोटो मला पाठव. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, ते खाली लिहायला विसरू नकोस.